आयला बेटावर बिऱ्हाड थाटताना

आयला (Islay) हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं बेट. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एस आहे, पण तो मुका. उच्चार अगदी 'आयला' असाच. "आम्ही आयलाला चाललोय" असं मी गुहागरला फोनवर सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "अगं, तोंड सांभाळून बोल." आता तीच शेजारणीला कौतुकाने सांगते की लेक आयलाला असते.

नवरा इथल्या एका हॉटेलात स्वयंपाकी म्हणून आला आणि पाठोपाठ मी. आज नऊ वर्षं झाली. मी घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते, त्यामुळे बेटावरचे बहुतेक रस्ते आणि बरीचशी स्वयंपाकघरं माझ्या ओळखीची आहेत. गेल्या वर्षभरात चार मराठी कुटुंबांनी इथे येण्याबद्दल विचारलं. प्रत्येकाला फोनवर जे सांगितलं, ते एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

बेट साधारण 620 चौरस किलोमीटरचं, म्हणजे जवळपास बृहन्मुंबईएवढं, आणि माणसं तीन हजारांच्या थोडी वर. बोमोर, पोर्ट एलन, पोर्ट शार्लट ही मोठी गावं. आपल्याकडे त्यांना वाडीच म्हणतील. व्हिस्कीच्या दहाएक भट्ट्या, शेती, मेंढ्या आणि पर्यटक यांवर इथलं पोट चालतं. तुम्ही दारूला शिवत नसाल तरी कोणी आग्रह करत नाही. भट्ट्यांची नावं मात्र पाठ करा, कारण पत्ता सांगताना लोक "लागाव्हुलिनच्या पुढे, डावीकडे" असंच सांगतात. बोमोरचा पोहण्याचा तलावसुद्धा शेजारच्या भट्टीच्या उरलेल्या उष्णतेवर तापतो. जानेवारीत मुलांना तिथे घेऊन जा.

सगळ्यात आधी घर. नोकरी मिळाली म्हणजे घर मिळेल, असं इथे अजिबात धरू नका. कितीतरी घरं सुट्टीसाठी येणाऱ्यांना आठवड्याच्या भाड्याने दिली जातात, त्यामुळे वर्षभर राहायला घर मिळणं फार कठीण. आमच्या नोकरीच्या पत्रात 'राहण्याची सोय उपलब्ध' एवढं एकच वाक्य होतं. ऑक्टोबरात आलो, खोली मिळाली, आम्ही निश्चिंत. मार्चअखेर मालकाने सांगितलं, ईस्टरपासून पाहुणे येणार, खोली रिकामी करा. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. तीन आठवडे एका म्हाताऱ्या विधवा बाईंनी आम्हाला आपल्या मागच्या खोलीत ठेवून घेतलं आणि एक पैसा घेतला नाही. त्या आता नाहीत. त्यांच्या दारातली हायड्रेंजिया दरवर्षी मीच छाटते.

म्हणून सांगते, सोय किती महिन्यांची, नोकरी सुटली तर खोलीचं काय आणि उन्हाळ्यात खोली राहणार का, हे निघण्याआधी लेखी घ्या. स्वतंत्र घर भाड्याने घेतलंत तर कायदा तुमच्या बाजूने आहे. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर 2017 पासूनच्या नव्या भाडेकराराला संपण्याची तारीख नसते, ठरलेल्या कारणाशिवाय मालक बाहेर काढू शकत नाही, आणि अनामत रक्कम त्याने 30 कामकाजाच्या दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत भरायची असते. नोकरीसोबत मिळणाऱ्या खोलीला मात्र हे संरक्षण बहुधा नसतं. कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, घरांवरही भिस्त ठेवू नका. इथल्या कौन्सिलने आपली भाड्याची घरं 2006 मध्येच एका गृहसंस्थेकडे सोपवली आहेत.

आणखी एक. केअर वर्करच्या व्हिसासाठी कोणी एजंट पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. परदेशातून अशी नवी भरती 22 जुलै 2025 पासून बंद आहे.

आता बोट. इथलं सगळं बोटीवर चालतं: दूध, पत्रं, औषधं, शाळेचे मास्तर. मुख्य भूमीवरच्या केनाक्रेगहून बोट निघते आणि पोर्ट आस्केगला किंवा पोर्ट एलनला दोन-सव्वादोन तासांत लागते. ग्लासगोहून केनाक्रेग गाडीने तीन तास धरा. वाटेत 'रेस्ट अँड बी थँकफुल' नावाचा घाट आहे. मोठ्या पावसात तिथे दरड कोसळते, अगदी आपल्या परशुराम घाटासारखी, आणि मग वळसा पडतो. गाडी न्यायची असेल तर उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे आधी बुकिंग करा, कारण बोटीत व्हिस्कीचे आणि मालाचे ट्रकही असतात. पायी जाणाऱ्याला बहुतेक वेळा जागा मिळते, आणि ग्लासगोची बसही केनाक्रेगला थांबते.

वारा सुटला की बोट रद्द. कधी निघते, पण ऐनवेळी पोर्ट एलनऐवजी पोर्ट आस्केगला लागते, आणि तुमची गाडी उभी असते बेटाच्या दुसऱ्या टोकाला. आई पहिल्यांदा आली ती डिसेंबरात. मी तिला आणायला ग्लासगोला गेले होते. परतताना केनाक्रेगला पोचलो तर फलकावर आजच्या सगळ्या फेऱ्या रद्द. केनाक्रेगला धक्का आणि प्रतीक्षागृह, बाकी काही नाही. आठ किलोमीटर मागे टार्बर्टला जाऊन खोली घेतली. दुसऱ्या दिवशीही तेच. आईने पिशवीतून डिंकाचे लाडू काढले, एक मला दिला, एक शेजारी बसलेल्या ट्रक ड्रायव्हरला. तिसऱ्या दिवशी बोट सुटली तेव्हा त्याच ड्रायव्हरने आईची बॅग उचलून वर नेली, आणि आजही भेटला की 'त्या गोड चेंडूं'ची आठवण काढतो.

तेव्हापासून माझा नियम ठरला. भारताचं विमान असेल तर दोन दिवस आधी बेट सोडायचं. व्हिसाची किंवा दवाखान्याची तारीख असेल तर एक दिवस आधी. घरात दहा दिवसांचा शिधा, विजेरी, मेणबत्त्या आणि गॅसची छोटी शेगडी कायम असलीच पाहिजे, कारण वादळात वीजही जाते. ग्लासगोहून छोटं विमानही येतं, पण ते धुक्याला अडतं.

रस्ते बरेचसे एकाच गाडीपुरते रुंद, मधे मधे गाडी बाजूला घ्यायला जागा. ती जागा तुमच्या डावीकडे असेल तर आत शिरा. उजवीकडे असेल तर आपल्याच बाजूला तिच्यासमोर थांबा, पलीकडे जाऊ नका. मागून घाईची गाडी आली तर तिला पुढे जाऊ द्या, त्यात कदाचित नर्स असेल. बोमोर ते पोर्ट एलन रस्ता पीटच्या, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या मऊ मातीच्या, दलदलीवरून जातो, म्हणून लाटेसारखा वरखाली होतो, तिथे वेग आवरा. आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला हात करा. स्टिअरिंगवरून चार बोटं उचलली तरी पुरे. ओळख असो-नसो, इथे सगळेच करतात. मला वाटायचं, माणूस आपल्याला ओळखतो म्हणून हात करतो. खरं तर हात करता करताच ओळख होते. भारतीय लायसन्स बारा महिने चालतं, पण परीक्षेची तयारी आल्याबरोबर सुरू करा.

बोमोरला छोटं हॉस्पिटल आहे, हायस्कूलही तिथेच. शेजारच्या जुरा बेटाची मोठी मुलं रोज खाडी ओलांडून याच शाळेत येतात. शस्त्रक्रियेसारख्या मोठ्या गोष्टींना मुख्य भूमीवर जावं लागतं. त्याचा प्रवासखर्च परत मिळण्याची योजना आहे, म्हणून तिकिटं जपून ठेवा. औषधांना चिठ्ठीवर पैसे पडत नाहीत.

डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा. आपल्या सावळ्या कातडीला ड जीवनसत्त्वाची गोळी बाराही महिने घ्यावी, असा इथल्या सरकारचाच सल्ला आहे. पहिला हिवाळा अंगावर येतो, मन उदास होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ऑक्टोबरात ग्रीनलंडहून हजारोंनी कलहंस (गीज) येतात आणि एप्रिलपर्यंत शेतांत चरतात. दुपारी तीन वाजता, उजेड जाण्याआधी, ग्रुइनार्टच्या खाडीवर जाऊन उभे राहा. त्या कलकलाटाने मला पहिल्या वर्षी तारून नेलं.

उन्हाळ्यात मिजेस, म्हणजे चिलटं, संध्याकाळी अंगाची आग करतात. वारा असला की नसतात. नेच्यांतून फिरून आलात की मुलांच्या पायांवर गोचीड बघा, लाइम नावाचा आजार त्यांच्यामुळे होतो. छत्री आणू नका, वारा ती टिकू देत नाही. चांगला रेनकोट इथेच घ्या.

तूरडाळ, पोहे, कढीपत्ता ग्लासगोच्या पोलोकशील्ड्समध्ये अल्बर्ट ड्राइव्हवर मिळतात. मी वर्षातून तीनदा गाडी भरून आणते. बॅगेत जागा ठेवायची असेल तर ती कोकमं आणि तिरफळांसाठी ठेवा, ही दोन मला अजून कुठे मिळालेली नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये धक्क्यावर मॅकरेल गळाला लागतो. आपल्या बांगड्याचा चुलतभाऊच, फक्त चरबी जास्त. त्याला तिरफळं घालून केलेलं कालवण खाऊन आमच्या शेजाऱ्याने वाटी पुढे केली होती.