नॉर्वेजियनचे लांबलचक शब्द शेवटून फोडा

नॉर्वेजियन शिकताना 'बार्नेहागेलेरर' असला मालगाडीसारखा शब्द आला की डिक्शनरीत सापडेलच असं नाही, आणि नामाचं लिंग दाखवायला त्याच्या आधी 'एन' लावायचं की 'एट' तेही कळत नाही.

१. शेवटचा ओळखीचा शब्द पकडा. इथे 'लेरर' म्हणजे शिक्षक. मुख्य अर्थ तोच आणि लिंगही त्याचंच. 'आर्बाइड' (काम) एकटा असला तर एट, पण 'आर्बाइड्सप्लास' (कामाची जागा) एन, कारण 'प्लास' (जागा) एन आहे. त्याच्या आधीचे शब्द कितीही असोत, त्यांना इथे कोणी विचारत नाही.

२. मग मागे मागे या: हागे म्हणजे बाग, बार्न म्हणजे मूल, म्हणजे बालवाडीचा शिक्षक झाला. मधला सुटा ए किंवा एस नुसता सांधा असतो, त्याचा अर्थ शोधत बसू नका.

३. तुकडा अडला तर सांध्यावरचं दुहेरी अक्षर बघा. बस (buss) आणि स्टॉप (stopp) जोडताना तीन एस यायला हवेत पण लिहितात दोनच (busstopp), त्यामुळे तोडताना एक परत द्यावा लागतो.

फक्त लिहिताना मध्ये स्पेस देऊ नका हं, 'लामेकोटेलेटेर' म्हणजे कोकराच्या चॉप्स, तोच तोडून लिहिला की लकवा मारलेल्या चॉप्स.