टिकाऊ म्हणजे कशापुढे टिकणारे? गोल्फच्या साहित्यातील पॉलिमर शिकताना

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका लहान इंजेक्शन मोल्डिंग (वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू काढण्याच्या) कारखान्यात मी प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झालो, तेव्हा गोल्फविषयीचे माझे ज्ञान दूरचित्रवाणीवर ओझरत्या पाहिलेल्या हिरवळीपुरतेच होते. कारखान्याचे नेहमीचे काम दुचाकींच्या सुट्या भागांचे होते. त्या वर्षी एका निर्यातदार व्यापाऱ्याने सरावाच्या चेंडूंच्या कवचासाठी अर्धवाट्या, चेंडू ठेवण्याच्या नायलॉनच्या ‘टी’ आणि बुटांच्या तळाला लावायचे मऊ काटे अशा तीन वस्तूंचे नमुने मागितले, आणि नवीन माणसाला मोकळा वेळ असतो या न्यायाने ते काम माझ्याकडे आले. पुढे या विषयात मला जे काही कळले, त्याची सुरुवात एका चुकीपासून झाली.

अर्धवाट्यांसाठी आलेला प्लास्टिकचा दाणा आयनोमर नावाच्या चिवट प्रकाराचा होता. आमच्याकडे नायलॉन रोज चालत असे आणि नायलॉन सहा ८० अंश सेल्सिअसला चारेक तास वाळवायचे, हे मला पाठ झाले होते. मी आयनोमरची पोती फोडली, दाणा ड्रायरमध्ये ओतला, तापमान ८० वर ठेवले आणि जेवायला गेलो. परत येऊन पाहतो तर यंत्रात दाणा उतरत नव्हता. हॉपरमध्ये, म्हणजे दाणा सोडणाऱ्या नरसाळ्यात, गुळाच्या ढेपेसारखा एकसंध गोळा झाला होता आणि तो छिन्नीने फोडून काढण्यात आमची उरलेली पाळी गेली. साचा बसवणाऱ्या मामांनी रागावण्याऐवजी रिकामे पोते माझ्यापुढे धरले. “पोरा, यावर लिहिलेलं तरी वाचायचं का नाही?” त्यावर स्पष्ट छापले होते की वाळवण्याचे तापमान साठ-पासष्ट अंशांच्या वर जाऊ देऊ नये. हा पदार्थ नव्वद अंशांच्या आसपासच वितळू लागतो आणि त्याआधीच त्याचे दाणे मऊ होऊन एकमेकांना चिकटतात. म्हणून त्याला कमी तापमानावर पुष्कळ वेळ द्यावा लागतो, आणि म्हणूनच तो ओल शिरू न देणाऱ्या अस्तराच्या पोत्यातून येतो.

आता हा पदार्थ गोल्फमध्ये आलाच का, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही. चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून केलेल्या जुन्या चेंडूची जागा १८४८ च्या सुमारास गट्टापर्चाच्या चेंडूने घेतली. गट्टापर्चा हा मलायाकडील झाडांचा चीक आहे. त्याचे आणि रबराच्या चिकाचे रासायनिक सूत्र एकच असते, दोन्ही पॉलिआयसोप्रीनच. मात्र एकापाठोपाठ जोडलेल्या रेणूंच्या साखळीची मांडणी रबरात ‘सिस’ (एकाच बाजूने) असते, तर गट्टापर्चात ‘ट्रान्स’ (विरुद्ध बाजूंनी). ट्रान्स मांडणीच्या साखळ्या सरळ रांगेत बसून स्फटिक बनवतात, त्यामुळे तो पदार्थ टणक होतो, तर सिस मांडणीचे रबर ताणता येते. पॉलिमरच्या अभ्यासक्रमात रचना आणि गुणधर्म यांचे नाते शिकवताना याहून सोपे उदाहरण मला अजून सापडलेले नाही. १८९८ मध्ये अमेरिकेतील कोबर्न हॅस्केल यांनी ताणलेला रबरी धागा गुंडाळून चेंडूचा गाभा केला, आणि अशा चेंडूंवर पुढे बलाटाचे कवच चढू लागले. बलाटा हेही ट्रान्स पॉलिआयसोप्रीनच. खेळाडूंना त्याचा स्पर्श आवडे, परंतु लोखंडी काठीचा फटका किंचित चुकला तरी कवचाला हसऱ्या तोंडासारखी चीर पडत असे.

ती चीर थांबवली आयनोमरने. ड्यूपॉन्ट कंपनीने १९६० च्या दशकात सर्लिन या नावाने तो बाजारात आणला. एथिलीन आणि मेथॅक्रिलिक आम्ल यांची ही सहबहुवारिक साखळी असून तिच्यातील काही आम्लगटांचे सोडियमने किंवा झिंकने उदासिनीकरण केलेले असते. हे विद्युतभारित गट एकमेकांकडे ओढले जाऊन जागोजागी पुंजके करतात आणि जाळ्यातल्या गाठींसारखे साखळ्यांना धरून ठेवतात. रबराच्या व्हल्कनायझेशनमधली, म्हणजे साखळ्या कायमच्या जोडण्याच्या प्रक्रियेतली, गाठ एकदा बसली की सुटत नाही. ही गाठ उष्णतेने सैल होते आणि थंड होताच पुन्हा बसते. त्यामुळे पदार्थ यंत्रातून प्लास्टिकसारखा वाहतो आणि वापरात मात्र चिवट राहतो. सोडियमचा आणि झिंकचा आयनोमर एकत्र मिसळला तर तो एकेकट्यापेक्षा सरस ठरतो, म्हणून कवचासाठी बहुधा मिश्रणच वापरतात.

काठी आणि चेंडू यांचा स्पर्श अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपासच टिकतो. तेवढ्यात चेंडू दबून चपटा होतो आणि परत उसळतो. नियमांनुसार त्याचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक नसावे आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा. म्हणजे वजन वाढवून किंवा आकार कमी करून लांब पल्ला गाठण्याची वाट बंद आहे, आणि जे काही साधायचे ते पदार्थाच्या निवडीतूनच साधावे लागते. उसळी देण्याचे काम गाभा करतो. हा गाभा उच्च सिस प्रमाणाच्या पॉलिब्युटाडाइनचा असतो. त्यात झिंक डायअॅक्रिलेट आणि पेरॉक्साइड घालून तापत्या साच्यात दाबाखाली त्याच्या साखळ्या जोडतात. कवचाने चीर आणि खरवड सोसायची. महागड्या चेंडूंवर आयनोमरऐवजी पॉलियुरेथेनचे मऊ कवच असते. २००० साली आलेल्या टायटलिस्टच्या प्रो व्ही१ नंतर ते विशेष रूढ झाले. ते फिरकी चांगली घेते. सरावाच्या मैदानावर दिवसभर मार खाणाऱ्या चेंडूला मात्र फिरकीपेक्षा आयुष्य हवे असते, आणि तिथे आयनोमरच परवडतो.

अर्धवाट्यांचे नमुने अखेर उन्हाळ्यात नीट निघाले. जुलैमध्ये त्याच प्रमाणाने, त्याच साच्यात काढलेल्या वाट्यांवर चंदेरी रेघा उमटल्या. कारण शोधताना कळले की उघडलेले पोते तोंड न बांधता दोन दिवस तसेच ठेवले होते आणि पावसाळी हवेतली ओल दाण्याने ओढून घेतली होती. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा एवढी कोरडी असते की असल्या चुका झाकल्या जातात. मराठवाड्यात शिकणाऱ्याने म्हणूनच उन्हाळ्यात जमलेल्या सेटिंगवर विसंबू नये.

नायलॉनच्या टीने तर याच्या उलट धडा दिला. मेमध्ये काढलेल्या टी हातोडीच्या एका टोल्यात काचेसारख्या मोडत. आम्ही दाण्याला दोष दिला, पुरवठादाराशी वादही घातला. वास्तविक दाणा चांगला होता आणि वाळवणही नेटके झाले होते. साच्यातून नुकताच निघालेला नायलॉन अगदी कोरडा असतो आणि म्हणून ठिसूळ असतो. हवेतील ओल हळूहळू शोषून घेतल्यावर त्याच्यात चिवटपणा येतो. त्या टी गरम पाण्याच्या पिंपात काही तास ठेवल्यावर त्याच हातोडीखाली वाकू लागल्या आणि मोडेनाशा झाल्या. वितळवताना पाणी नायलॉनचे वैरी, कारण त्या तापमानाला ते साखळ्या तोडते. आकार आल्यावर मात्र तेच त्याला चिवट करते. हे पुस्तकात दोन वेगळ्या प्रकरणांत येते, त्यामुळे परीक्षेत दोन्ही लिहिणारा विद्यार्थी कारखान्यात मात्र गोंधळतो. मीही गोंधळलो होतो.

बुटांचे काटे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचे होते. हा पदार्थ घासण्याला उत्तम तोंड देतो. पॉलिएस्टर पायाचा प्रकार अधिक झिजेला टिकतो, पण दीर्घकाळ ओलसर उष्ण हवेत त्याचे जलअपघटन होते, म्हणजे पाण्याने त्याच्या साखळ्या तुटतात; पॉलिइथर पायाचा प्रकार ओल सहन करतो. यातला कोणता निवडावा, हे ग्राहक बूट कुठे वापरणार आहे, यावर ठरते.

काठीच्या दांड्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते काम मी जवळून केलेले नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभापासून कार्बन तंतूंचे दांडे वापरात आहेत. इपॉक्सी नावाच्या राळेत भिजवलेली तंतूंची पाने पोलादी सळईवर गुंडाळून भट्टीत पक्की करतात. ताण तंतू घेतात, त्यांना जागेवर धरण्याचे काम इपॉक्सीचे. दुरुस्ती करताना काठीचे डोके काढण्यासाठी उष्णता जास्त दिली की तंतूंना काही होत नाही, पण इपॉक्सी जळते आणि दांडा निकामी होतो.

या वाटेने येऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही सांगावेसे वाटते. दहावीनंतर येणाऱ्यांसाठी सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक प्रशिक्षण संस्थेचे प्लास्टिक तंत्रज्ञान आणि प्लास्टिक मोल्ड तंत्रज्ञान असे तीन वर्षांचे पदविका अभ्यासक्रम आहेत. बीएस्सी झालेल्यांसाठी प्लास्टिक प्रक्रिया आणि चाचणी यांची दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका आहे. छत्रपती संभाजीनगरातच त्यांचे केंद्र असल्याने गाव फार दूर सोडावे लागत नाही. साच्याच्या कामाची आवड असेल तर इंडो जर्मन टूल रूमही त्याच शहरात आहे. ज्यांना रबरात जायचे आहे, त्यांना इंडियन रबर इन्स्टिट्यूटची पदविका उपयोगी पडते. प्लास्टिकवाले आणि रबरवाले आपल्याकडे दोन वेगळ्या गावांसारखे वागतात. गोल्फचा एक चेंडू मात्र दोघांनाही एकाच टेबलावर बसवतो. म्हणून प्लास्टिक शिकणाऱ्याने व्हल्कनायझेशनचे प्रकरण ऐच्छिक समजून सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रयोगशाळेत दोन उपकरणांवर हात बसू द्यावा. वितळप्रवाह निर्देशांक मोजणारे यंत्र दाणा किती सहज वाहतो हे सांगते, आणि प्रक्रियेपूर्वीचा व नंतरचा आकडा पडताळला तर साखळ्या तुटल्या का, तेही कळते. दुसरे शोअर कठीणतामापक. ते स्वस्त आणि सोपे, म्हणूनच फसवे. नमुना किमान सहा मिलिमीटर जाड आणि सपाट असावा लागतो. चेंडूच्या गोल पृष्ठभागावर पातळ कवचाचे माप घेतले तर खालच्या गाभ्याचाही परिणाम आकड्यात मिसळतो. मी एकदा चेंडूवरचा आकडा सपाट पट्टीच्या आकड्याशेजारी मांडून अहवाल दिला होता आणि ग्राहकाने तो एका ओळीच्या उत्तरासह परत पाठवला. शिवाय आयनोमर चालवून झाल्यावर बॅरल (यंत्रातील दाणा वितळवणारी नळी) पॉलिएथिलीनने धुऊन काढायची सवय लावून घ्यावी, कारण त्यातील आम्लगट साध्या पोलादाच्या स्क्रूला खातात.

मुलाखतीत “सर्वांत टिकाऊ प्लास्टिक कोणते?” असा प्रश्न हमखास येतो. तेव्हा कोणत्याही पदार्थाचे नाव घेण्याआधी, कशापुढे टिकायला हवे, असे उलट विचारावे. मला हे कळायला घरची शेती कारणी लागली. त्या व्यापाऱ्याने चाचणीसाठी काठीच्या मुठीही पाठवल्या होत्या, काही नैसर्गिक रबराच्या, काही ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या. उरलेल्या मुठी मी गेवराईजवळच्या आमच्या गावी नेल्या आणि वडिलांनी त्या फवारणी पंपांच्या दांड्यांवर चढवल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात नैसर्गिक रबराच्या मुठीला बारीक भेगा पडल्या. तिच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध असतात आणि ऊन व ओझोन त्यांवरच घाव घालतात. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत ते नसतात, म्हणून ती मूठ जशीच्या तशी होती. वडिलांना ती इतकी आवडली की त्यांनी शिल्लक राहिलेली एक मूठ डिझेल इंजिनाच्या हँडलवर बसवली. दिवाळीला घरी गेलो, तेव्हा ती डिझेल पिऊन फुगली होती आणि हँडल फिरवताना हातातच गोल फिरत होती.