दुबईत फ्लॅट घेताना : आधी पैशाचा मार्ग, मग एजंट, मग कागद

रावेर-यावलमध्ये शेत घेणारा माणूस सातबारा, फेरफार आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट पाहिल्याशिवाय इसार देत नाही. दुबईच्या फ्लॅटला मात्र तोच माणूस जळगावच्या एखाद्या हॉटेलातल्या प्रदर्शनात ब्रोशर पाहून त्याच संध्याकाळी बुकिंगची रक्कम देऊन येतो. दुबईची नोंदणीव्यवस्था चांगली आहे. खान्देशातले खरेदीदार जास्त अडकतात ते इथून पैसा चुकीच्या वाटेने गेल्यामुळे. म्हणून सुरुवात बँकेपासून करा.

किती पाठवता येतात

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशी पैसे पाठवण्याच्या) योजनेत निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर परदेशी पाठवता येतात. दिरहमचा दर डॉलरशी बांधलेला आहे, १ डॉलरला ३.६७२५ दिरहम. म्हणजे १० लाख दिरहमचा फ्लॅट झाला सुमारे २,७२,००० डॉलरचा. एकट्याच्या एका वर्षाच्या मर्यादेत तो बसतच नाही. मग दोनच वाटा उरतात : काही रक्कम मार्चअखेरीआधी आणि उरलेली एप्रिलनंतर पाठवायची, किंवा नवरा-बायकोने अथवा भावाभावांनी आपापल्या मर्यादेतून पाठवायची. दुसऱ्या वाटेला एक अट आहे. ज्याच्या मर्यादेतून पैसे गेले, त्याचे नाव मालकीपत्रावर हवे. एकत्र कुटुंबाच्या (एचयूएफ) किंवा पेढीच्या खात्यातून ही रक्कम जात नाही, आणि बँक यासाठी कर्जही देत नाही.

खाते परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेत आणि किमान वर्षभर जुने हवे. नवे असेल तर बँक आधीच्या बँकेचे वर्षभराचे स्टेटमेंट किंवा प्राप्तिकर विवरणपत्र मागते. पैसे परदेशी पाठवताना बँकेत भरायच्या ए-२ अर्जात कारण ‘परदेशातील स्थावर मालमत्ता’ हेच लिहा, कोड एस ०००५. दुबईतल्या भाच्याच्या खात्यावर ‘कुटुंब निर्वाह’ म्हणून रक्कम टाकून तिथून बिल्डरला देणे म्हणजे खोटे कारण देणे. बुकिंगपुरतेही क्रेडिट कार्ड वापरू नका.

टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापून घेते त्या कराचा, हिशेब सगळ्यात जास्त विसरला जातो. एका पॅनवर वर्षाला १० लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर बँक २० टक्के कापते. एकाने ६० लाख पाठवले तर ५० लाखांवर १० लाख टीसीएस. दोघांनी ३०-३० लाख पाठवले तर प्रत्येकी ४, मिळून ८ लाख. हा कर तुमच्या प्राप्तिकरातून वजा होतो. पण उत्पन्न मुख्यतः केळी-कापसाचे, म्हणजे करमुक्त असेल, तर वजा करायला करच नसतो. विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत एवढी रक्कम अडकून राहते. तेवढी रोकड बाजूला असेल तरच पुढे जा.

पैशाचा उगम दाखवणारी फाइल आधीच लावून ठेवा : शेतीसाठी सातबारा आणि व्यापाऱ्याच्या हिशेबपट्ट्या, जमीन विकली असेल तर खरेदीखताची प्रत, सोने मोडले असेल तर सराफाचे बिल. प्रत्येक रक्कम आपल्या खात्यात कुठून आली ते स्टेटमेंटवर दिसले पाहिजे.

“इथे रोख द्या, तिथे दिरहम मिळतील” असे कोणी म्हटले तर तो हवाला आहे. परकीय चलनाच्या फेमा कायद्यात अशा रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आहे. शिवाय परदेशातल्या बेकायदा मालमत्तेच्या किमतीइतकी भारतातली मालमत्ता जप्त करता येते. म्हणजे फ्लॅट दुबईचा आणि जप्ती गावच्या शेतावर.

एजंट

जळगाव-धुळ्यात बसून दुबईचे फ्लॅट दाखवणारा बहुधा नुसता दुवा असतो. त्याच्याकडे महारेराचा क्रमांक असला तरी दुबईत त्याचा उपयोग नाही. तिथे दलालाला दुबईच्या रेराचे (तिथल्या मालमत्ता नियामकाचे) कार्ड आणि क्रमांक असतो, त्याच्या कचेरीचा नोंदणी क्रमांक वेगळा. दोन्ही मागा आणि दुबई लँड डिपार्टमेंटच्या (तिथल्या मालमत्ता नोंदणी खात्याच्या) ‘दुबई रेस्ट’ अॅपवर स्वतः टाकून पाहा. नाव, फोटो आणि कंपनी जुळली पाहिजे. जाहिरातीलाही परवाना लागतो. त्याचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर तोच फ्लॅट दिसायला हवा.

तयार फ्लॅटवर दलाली साधारण २ टक्के, अधिक त्यावर ५ टक्के व्हॅट. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात दलाली विकसक देतो, तुम्ही नाही. म्हणूनच असा एजंट जास्त दलालीचा प्रकल्प पुढे करण्याचा संभव असतो. त्याला त्याच भागातल्या तयार फ्लॅटचे गेल्या काही महिन्यांतले नोंदलेले भाव विचारा. लँड डिपार्टमेंट ते प्रसिद्ध करते. टाळाटाळ केली तर दुसरा पाहा.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट

२००७ च्या कायद्याने प्रत्येक प्रकल्पाला एस्क्रो खाते, म्हणजे फक्त त्याच प्रकल्पासाठी राखीव खाते, बंधनकारक आहे. हप्ता त्याच खात्यात जायला हवा. खात्याच्या नावात प्रकल्पाचे नाव आहे का, ते अॅपवरच्या नोंदीशी ताडून घ्या. एजंटच्या खात्यात एक दिरहमही नको. करारानंतर लँड डिपार्टमेंटकडे ‘ओकूद’ नावाची तात्पुरती नोंद होते. ती हाती येईपर्यंत तुमच्याकडे फक्त पावती आहे असे समजा.

हप्त्याचा तक्ता एलआरएसच्या मर्यादेशी आणि पिकाच्या पैशाशी जुळतो का, हे सहीच्या आधी पाहा. हप्ते थकले तर विकसक लँड डिपार्टमेंटमार्फत ३० दिवसांची नोटीस देऊन करार मोडू शकतो. बांधकाम सुरू होऊन ६० टक्क्यांच्या आत असेल तर फ्लॅटच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत, त्यापुढे असेल तर ४० टक्क्यांपर्यंत रक्कम तो ठेवून घेऊ शकतो. हे टक्के पूर्ण किमतीवर आहेत, भरलेल्या रकमेवर नाहीत.

तयार फ्लॅट

एजंटशी ‘फॉर्म बी’, विक्रेत्याशी ‘फॉर्म एफ’. आपल्याकडच्या साठेखतासारखाच हा दुसरा कागद. सोबत १० टक्क्यांचा चेक देण्याची रीत आहे, तो हस्तांतरापर्यंत एजंटच्या कचेरीत जपून ठेवतात. मग विकसकाची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र. विक्रेत्याचे सेवाशुल्क थकलेले असेल तर ती मिळत नाही, आणि तारखा बहुतेक इथेच लांबतात. शेवटी ट्रस्टी कार्यालयात (लँड डिपार्टमेंटच्या वतीने हस्तांतर नोंदवणाऱ्या कचेरीत) हस्तांतर होऊन मालकीपत्र मिळते.

१० लाख दिरहमवर वरखर्च असा : लँड डिपार्टमेंटचे ४ टक्के म्हणजे ४०,०००, दलाली व्हॅटसह २१,०००, ट्रस्टी कार्यालयाचे ४,२००, शिवाय एनओसी आणि मालकीपत्राचे शुल्क. एकूण सुमारे ७ टक्के धरा आणि हीही रक्कम डॉलरच्या मर्यादेत मोजा. पुढे दरवर्षी चौरस फुटामागे सेवाशुल्क असतेच.

हस्तांतराला स्वतः जाता येत नसेल तर मुखत्यारपत्र लागते. अमिरातीसाठी अपॉस्टिल (अनेक देशांत चालणारा एकच साक्षांकनाचा शिक्का) चालत नाही. नोटरी, राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि मुंबईतला अमिरातीचा वाणिज्य दूतावास, असे क्रमाने शिक्के घ्यावे लागतात. तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचे साक्षांकन आणि अरबी भाषांतर. पत्रात त्याच एका फ्लॅटच्या खरेदीचा आणि सहीचा अधिकार द्या, विक्रीचा देऊ नका.

ताबा मिळाल्यावर

गावचा कर सल्लागार सवयीने आयटीआर-१ किंवा ४ भरून टाकतो. परदेशी मालमत्ता असेल तर ते चालत नाही. आयटीआर-२ किंवा ३ लागतो आणि त्यातले परदेशी मालमत्तेचे ‘शेड्यूल एफए’ भरावे लागते. त्याचा काळ एप्रिल-मार्च नाही, जानेवारी ते डिसेंबर आहे. ते न भरल्यास काळा पैसा कायद्यात १० लाखांचा दंड आहे, फ्लॅट पूर्ण पांढऱ्या पैशाचा असला तरी. तिथे भाड्यावर प्राप्तिकर नसला तरी इथे ते उत्पन्नात दाखवावे लागते. भाड्याची किंवा रद्द बुकिंगची रक्कम पुन्हा गुंतवली नाही तर १८० दिवसांत भारतात आणावी लागते.

वारसांसाठी इथल्या मृत्युपत्रावर विसंबू नका. बिगर-मुस्लिमांना दुबईच्या डीआयएफसी या आर्थिक केंद्रात मृत्युपत्र नोंदवता येते. मालकीपत्र मिळाल्याबरोबर ते करून टाका, आणि दोन नावे असतील तर दोघांचेही करा.