रेडिएटर वरून गरम, खालून गार
ब्रिटनमधील घरात रेडिएटर (बॉयलरमधून येणारे गरम पाणी आत खेळवून खोली तापवणारे धातूचे पॅनेल) वरून तापतो आणि खालचा मधला भाग गारच राहतो, तेव्हा तळाशी लोखंडाच्या गंजाचा काळा गाळ बसलेला असतो. रेडिएटर नुसता धुतला, तर गाळ पुन्हा साचतो.

हीटिंग बंद करून पाणी गार झाल्यावर रेडिएटरच्या दोन्ही झडपा बंद कराव्यात, आणि लॉकशील्ड झडप (टोपीखाली झाकलेली, पाण्याचा प्रवाह ठरवून ठेवणारी झडप) किती फेऱ्यांत बंद झाली ते लिहून ठेवावे, कारण ती पुन्हा तेवढीच उघडायची असते. रेडिएटर उतरवून, शाईसारखे काळे पाणी निवळेपर्यंत बागेतील नळीने धुवावा. परत बसवून पाणी भरावे, हवा काढावी आणि गंजरोधक इनहिबिटर घालावे. बॉयलरकडे परतणाऱ्या पाइपवर चुंबकीय फिल्टर बसवून घेतल्यास तो गाळ धरून ठेवतो. हा फिल्टर दरवर्षी साफ करावा.

मात्र बॉयलरच्या दाबमापकाचा काटा वारंवार उतरत असेल, तर आधी गळती शोधावी. प्रत्येक वेळी भरलेल्या ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू आत जातो आणि नवा गंज धरतो, म्हणून गळती राहिली तर बाकीची सारी मेहनत वाया जाते.

सावधगिरी: या पाण्याचे डाग गालिच्यावरून जात नाहीत, त्यामुळे झडपांखाली तसराळे आणि जुने टॉवेल आधीच ठेवावेत.