लेखन अडलं? विषय तोच ठेवा, प्रकार बदला

लिहिणारा कंटाळला की पहिल्यांदा विषयाला दोष देतो आणि नवा विषय शोधतो. तोही पंधरा दिवसांत शिळा होतो. अशा वेळी विषयाला हात न लावता लेखनप्रकार बदलून पाहा.

समजा, तुम्ही सांगलीचे आहात आणि २०१९ च्या महापुरावर लिहिताय. दोन पानं झाली आणि गाडी रुतली.

१. आधी ऐवज काढून ठेवा. कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तुमच्याकडचं काय आहे? माळ्यावर चढवलेलं धान्य, शेजाऱ्यांच्या गच्चीवर मांडलेली चूल, घर सोडायला तयार नसलेले आजोबा. अशा पाच-सहा गोष्टी कागदावर घ्या. पुढच्या सगळ्या प्रकारांत हाच माल वापरायचा, नवा आणायचा नाही.

२. बोलून लिहा. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगवलं, तेव्हा पात्रांच्या हातात संवादांची संहिता नव्हती. सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं प्रसंगाला धरून आयत्या वेळी बोलायची. तुम्हीही तेच करा. प्रसंग दोन ओळींत लिहा, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि आजोबांचं व नातवाचं भांडण स्वतःच बोला. घरचे हसतील, हसू देत. मग ऐकून जसंच्या तसं उतरवा. ‘मी नाही येणार, म्हशी कोण बघणार?’ हे वाक्य कागदावर विचार करत बसून सुचत नाही, तोंडातून येतं.

३. अक्षरं मोजून लिहा. मला स्वतःला हा टप्पा सगळ्यात आवडतो. मोठ्या अभंगाचा साचा सोपा आहे: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. जोडाक्षर एकच धरायचं. उदाहरणार्थ:

कृष्णा आली दारी । चुलीपाशी बसे ।
तिला आई पुसे । जेवलीस? ॥

कविता म्हणून याची किंमत किती, ते सोडा. पण बावीस अक्षरांत ‘भीषण’, ‘हाहाकार’, ‘निसर्गाचा कोप’ यांना जागाच उरली नाही आणि तक्रारीच्या ठिकाणी पाहुणचार आला. दोन पानांच्या लेखात ही आई कुठेच नव्हती. यमक अडलं तर ओळच बदला. यमकासाठी आणलेला शब्द लगेच ओळखू येतो.

४. पत्र लिहा. पुण्या-मुंबईत असलेल्या बहिणीला, एक पान पुरे. समोर एकच माणूस असला की प्रस्तावना आपोआप गळते.

५. मूळ लेखाकडे परत या. तो उघडू नका, नव्यानं लिहा. आजोबांचं वाक्य आणि आईचा प्रश्न आत येऊ द्या. कधीकधी लेख पुरा होतो, कधी कळतं की ही मुळात एकांकिकाच होती. दोन्ही चालतं.

एका प्रकाराला आठवडा द्या. दुसऱ्याच दिवशी ‘हे मला जमत नाही’ म्हणून सोडू नका. अभंगाचा ठेका कानात बसायलाच दोन-तीन दिवस जातात. एक पथ्य मात्र पाळा. लिखाण संपायला अर्धं पान उरलं असेल तर प्रकार बदलू नका, तो निव्वळ पळ काढणं आहे. आधी ते संपवा.

‘एका लेखकानं एकच प्रकार धरावा’ असं कोणी सांगितलं, तर आपल्याच जिल्ह्यातली माणसं आठवा. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी पोवाडा, लावणी, लोकनाट्य, कथा, कादंबरी, प्रवासवर्णन सगळं लिहिलं. शेटफळ्यात जन्मलेल्या गदिमांनी लावणीही लिहिली, रामकथेची ५६ गीतंही लिहिली आणि चित्रपटांच्या पटकथाही.

यातलं काही दिवाळी अंकाला पाठवायचं असेल तर पावसाळ्यातच पाठवा, कारण गणपतीनंतर बऱ्याच अंकांची पानं भरलेली असतात. पाठवण्याआधी शब्दमर्यादा विचारून घ्या आणि एका अंकाला एकच प्रकार द्या.