कीबोर्डवरचा हवेतला सेन्सर: हात न टेकवता सूर कसा फुलवायचा

काही कीबोर्डांवर डाव्या बाजूला काळ्या चकचकीत प्लास्टिकची एक छोटी खिडकी असते. नवा कीबोर्ड घरी आला की पहिल्याच दिवशी सगळे तिच्यावर हात फिरवून बघतात, 'वूंऽऽ' असा आवाज निघतो, मजा वाटते आणि नंतर तिच्याजवळचं बटण वर्षानुवर्षं कोणी दाबत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. मी पेटीवरून कीबोर्डवर आले. पेटीला भाता असतो. पट्टी दाबून ठेवली तरी डाव्या हाताने सूर फुलवता येतो, मिटवता येतो. कीबोर्डवर पट्टी दाबली की सूर हातातून सुटलाच, ही माझी जुनी तक्रार. या खिडकीने मला माझा भाता परत दिला, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

रोलँड या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीने हा प्रकार 'डी-बीम' या नावाने १९९८ मध्ये एमसी-५०५ या यंत्रात पहिल्यांदा आणला आणि पुढे त्यांच्या बऱ्याच सिंथेसायझरवर तो आला. खिडकीतून इन्फ्रारेड प्रकाश वर जातो, तळहातावर आपटून खाली येतो आणि किती परत आला त्यावरून यंत्र हाताचं अंतर ठरवतं. थेरेमिन नावाचं हात न लावता वाजवायचं जुनं वाद्य आहे, त्याचं तत्त्व वेगळं: तिथे वादकाच्या शरीरामुळे विद्युतक्षेत्रात होणारा बदल मोजला जातो, त्यामुळे वादक जरा हलला तरी सूर सरकतो. इथे तुम्ही खुशाल डोला, प्रकाशाच्या वाटेत काय येतं तेवढंच महत्त्वाचं.

हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यातून खिडकीकडे पाहिलं तर जांभळट ठिपका दिसतो. मागचा कॅमेरा दाखवत नसेल तर पुढचा लावून बघा. ठिपका दिसला की प्रकाश निघतोय एवढं कळतं. मग खिडकी मऊ कोरड्या कापडाने पुसा. बोटांचे तेलकट डागही वाचन बिघडवतात.

आता नेमणूक. सेन्सरने काय बदलायचं हे मेन्यूमध्ये ठरवता येतं, आणि बहुतेकांची गाडी इथेच चुकते, कारण ते थेट पिचवर, म्हणजे सुराच्या उंचीवर, जातात. पिच सगळ्यात शेवटी. सुरुवात फिल्टरच्या कटऑफने करा, म्हणजे आवाजाचा तिखटपणा किती वरपर्यंत जाऊ द्यायचा ती मर्यादा. मिडीच्या, म्हणजे वाद्यं एकमेकांशी बोलतात त्या, भाषेत कंट्रोल नंबर ७४. स्ट्रिंग्ज (व्हायोलिनसारखा) किंवा पॅड (पसरट, मऊ) असा लांब टिकणारा टोन, म्हणजे कीबोर्डमधला आवाज, घ्या. किमान आणि कमाल किंमत विचारली तर पूर्ण ० ते १२७ देऊ नका. ४० ते ११० द्या. शून्याला टोन गुदमरतो, वरच्या टोकाला कानाला टोचतो, आणि मधल्या पट्ट्यातच खरा रंग असतो. पुष्कळ यंत्रांत किमान आणि कमाल यांची अदलाबदल केली की दिशा उलटते, म्हणजे हात जवळ आणल्यावर आवाज खुलण्याऐवजी मिटतो. दोन्ही करून बघा. मला हात वर जाताना टोन खुललेला आवडतो.

आवाज लहानमोठा करायचा असेल तर व्हॉल्यूम (नंबर ७) न देता एक्स्प्रेशन (नंबर ११) द्या. व्हॉल्यूमवर तुमचा सगळा समतोल बसवलेला असतो. तो सेन्सरच्या हाती दिला आणि हात चुकीच्या जागी राहिला की पुढच्या गाण्याला टोनच गायब. एक्स्प्रेशन त्या ठरलेल्या आवाजाच्या आतल्या आत काम करतं.

रियाजासाठी उजव्या हाताने एक कॉर्ड (एकत्र दाबलेले काही स्वर) धरून ठेवा. डावा तळहात खिडकीच्या बरोबर वर, सपाट, साधारण ३० सेंटिमीटरवर. आठ मात्रांत तो ५ सेंटिमीटरपर्यंत खाली आणा, आठ मात्रांत परत वर न्या. हालचाल कोपरातून करा, मनगट स्थिर. मनगट का, ते लगेच कळेल: हात त्याच उंचीवर ठेवून तळहात नुसता तिरका करा. हात एक बोटभरही खाली-वर गेलेला नसतो, तरी टोन बदलतो. खिडकीला दिसणारा तळहात लहान झाला, कमी प्रकाश परतला आणि यंत्राला वाटलं हात लांब गेला. हे कळलं की पुढे याचाच उपयोग होतो, सूर लांबवताना तळहात किंचित झुलवला की छान लाट येते. पण आधी सपाट हात साधू द्या. आणखी एक लक्षात येईल: खिडकीच्या अगदी जवळ थोड्याशा हालचालीने टोन झपकन बदलतो, लांब असताना तेवढ्याच हालचालीने जेमतेम. म्हणून खाली येताना हात हळू करत जायचा.

हात आत नेणं कोणालाही जमतं, बाहेर काढणं शिकावं लागतं. कॉर्ड धरा, हात मध्यावर ठेवा आणि झटकन बाजूला ओढा. काही यंत्रांत टोन मूळ जागी परततो, काहींत किमान किमतीवर आदळतो, काहींत जिथे होता तिथेच अडकून राहतो. तुमचं यंत्र काय करतं ते कार्यक्रमाआधी माहीत हवंच. आदळत असेल तर हात बाजूला न काढता सरळ वर न्या, परिणाम विरला की मगच हटवा. अडकत असेल तर आधी हवा त्या टोनवर हात आणा आणि तिथून निघा. मी माझ्या प्रत्येक टोनची मांडणी अशी करते की हात नसताना जो आवाज असेल तोच मूळ आवाज.

आता पिच. कक्षा दोन स्वरांतरांची, म्हणजे दोन सेमिटोनची ठेवा. शुद्ध मध्यम दाबा आणि हात खाली आणत मींडेने पंचमावर जा. पिच बेंडच्या चाकाला स्प्रिंग असते, बोटाला अंदाज येतो. हवेत काहीच लागत नाही, म्हणून मधल्या उंचीवर थांबून सूर लावायचा प्रयत्न केला की तो हमखास चढतो किंवा उतरतो. पण तळहात पुरेसा जवळ आला की किंमत कमाल होते आणि हात आणखी खाली नेला तरी पुढे वाढत नाही. तिथे न दिसणारी भिंतच असते. पंचम त्या भिंतीवर टेकवायचा. सुरुवातीचा सूर पट्टीचा आणि शेवटचा भिंतीचा, अशी दोन्ही टोकं पक्की असली की मधली मींड मोकळेपणाने घेता येते.

उजेडाकडे दुर्लक्ष करू नका. उन्हात आणि हॅलोजनच्या दिव्यांखाली इन्फ्रारेड भरपूर असतो, त्यात सेन्सरला आपला प्रकाश ओळखू येत नाही आणि हात खूप जवळ न्यावा लागतो. एकदा मी तालमीत सगळं बिनचूक बसवलं होतं, पण रंगमंचावरचे दिवे लागले आणि ३० सेंटिमीटरचा पल्ला ८ वर आला. गाण्याच्या मधल्या जागेत मी हात फिरवतेय आणि टोन ढिम्म. तेव्हापासून सेन्सिटिव्हिटी मी रंगमंचावर, कार्यक्रमातलेच दिवे लावून ठरवते. बाह्यांचंही तेच: काही कापडं हा प्रकाश शोषून घेतात, घड्याळाचा चकचकीत पट्टा तो भलतीकडे फेकतो. बाही कोपरापर्यंत सारा, घड्याळ उतरवा. सगळं जमलं की टोन सेव्ह करा, नाहीतर कीबोर्ड बंद केल्यावर सगळी मेहनत जाते.

सेन्सर लागेल तेवढ्याच वेळ चालू ठेवा. वहीचं पान उलटणारा हातही त्याला तुमचाच वाटतो. आणि बटण दाबायला जाताना हात वरून नेऊ नका. बटण खिडकीशेजारीच असतं, त्यामुळे वरून आलेला हात वाटेत प्रकाश कापतो आणि बंद करता करताच टोन उसळतो. मूठ मिटून फक्त तर्जनी पुढे काढायची आणि कीबोर्डच्या कडेला चिकटून, बाहेरच्या बाजूने बटणापर्यंत न्यायची.