टीएत जाणाऱ्या पोरांनो, पडझड झालेल्या गावात पान्हा नंतर काढा, आधी माणूस शोधा

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या टायमाला टेरिटोरियल आर्मीला (टीए, म्हणजे घरचा धंदा सांभाळून लष्करात काम करणाऱ्यांचं दल) बोलवायचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले, तवापासून आमच्या औशाकडची पोरं सारखी विचारायलेत की दादा, टीएत नुसती राखणच करायची असते का. नाही बाबा. टीएतला माणूस मुळात घरी कामधंदा असलेला, आणि लढाईत मोडलेल्या गावाला त्या धंद्याचीच जास्त गरज पडते. अमेरिकेत ह्या कामाला, म्हणजे लढाईनंतर गावाचा कारभार परत सुरू करून द्यायला, सिव्हिल अफेअर्स म्हणतात अन् त्यातले बहुतेक लोक राखीव दलातलेच, घरी कुणी मास्तर कुणी वकील. मी घरी मोटर रिवाइंडिंग करायचो म्हणून माझ्या गळ्यात पडलं. चुका लई केल्या, त्यातूनच सांगायलोय.

गावात गेल्या गेल्या पहिलं विचारा, परवापर्यंत इथं पाणी कोण सोडत होतं, रजिस्टर कोण लिहीत होतं, रेशन कोण वाटत होतं. सरपंच शोधावा लागत नाही, तो आपणच पुढं येतो.

मी हे विचारलंच नाही. सीमेजवळचं एक गाव, तोफेच्या माऱ्यात पंपघराचं छप्पर गेलेलं. स्टार्टर उघडला तर बटण दाबलेलंच राहावं म्हणून त्यात आगकाडी खोचलेली, आपल्याकडं शेतात करतेत तशीच. म्हणलं हा काय अडाणीपणा, काडी फेकली, सगळं नियमात बसवलं, पाणी आलं, लोकांनी चहा पाजला, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी मोटर दर पाच मिनिटाला ट्रिप. जुना पंपवाला चाचा पाव्हण्याकडं जाऊन बसलेला, त्याला बोलवून आणलं तर तो हसला अन् म्हणला, इथं दिवसा व्होल्टेजच नसतं साहेब, रात्री एकनंतर चालवायची, अन् दिवसा फारच अडलं तर काडी. हे कुठल्या ट्रेनिंगमधी शिकवणार?

इराकमध्ये हीच चूक देशाएवढी झाली. मे २००३ मध्ये अमेरिकेच्या प्रशासनानं सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरातले लोक सरकारी नोकरीतून काढले, आठवडाभरात सैन्यच बरखास्त केलं, म्हणजे हापिस चालवणारे घरी अन् बंदूक चालवता येणारे लाखो लोक बिनपगारी. म्हणून जुनी माणसं टिकवा. आता ज्याचे हात रक्तानं माखलेत त्याला खुर्चीवर ठेवा असं मी म्हणत नाही, पण ते पोलिसांनी अन् कोर्टानं ठरवायचं, पारावरच्या बोभाट्यावर नाही. आपल्याकडं सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थानात झालेल्या पोलीस ॲक्शननंतर, निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या नावाखाली निरपराध मुसलमानांवरही सूड उगवला गेला, नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं ते लिहून ठेवलंय. त्यामुळं गावात चार गल्ल्या असतील तर चारी गल्ल्यांत जाऊन बसा, जिथं जेवायला बोलवतेत तिथंच नको.

मग यादी. हे काम कंटाळवाणं आहे पण सगळ्या भांडणाचं मूळ इथंच असतं. कोण गेलं, कोण जखमी, कोण गाव सोडून गेलं, घर कुणाच्या नावावर अन् राहतंय कोण. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तवा मी बारा वर्षांचा, मामाचं दगडमातीचं माळवद खाली आलेलं. पुढं त्यांच्या गावच्या यादीत एक नाव दोनदा अन् एक विधवा बाई नाहीच, कारण ती त्या रात्री माहेरी होती. ती चूक कळली कशी, तर कुणीतरी यादी देवळापुढं मोठ्यानं वाचली तवा बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. म्हणून यादी नुसती चिकटवू नका, वाचून दाखवा, बायका येतील अशा वेळेला वाचा, अन् सही तुमची नाही, ग्रामसेवकाची अन् सरपंचाची घ्या. एक प्रत पंचायतीत, एक तहसीलला.

पैशाला हात लावू नका. मजूर गावातलेच घ्या, हजेरी गावातल्याच पोराला लिहू द्या, पगार तहसीलच्या माणसानं सगळ्यांसमोर वाटायचा. तुम्ही तिथं प्रशासनाच्या मदतीला गेलात, तहसीलदार व्हायला नाही. वर्दी बघून लोक तुमच्याकडंच अर्ज घेऊन येतेत, मला तर एकानं बांधाचं भांडण मिटवायला सांगितलं होतं, तवा अर्ज घ्यायचा नाही, त्या माणसाला घेऊन ग्रामसेवकाच्या टेबलापर्यंत चालत जायचं.

निघायच्या आधी किमान आठवडाभर स्वतः काही चालवू नका. मला लई जड गेलं. चाचा अंधारात चष्मा नसताना फ्यूजची तार बांधायला अर्धा तास लावायचा अन् माझे हात शिवशिवायचे, पण खिशात घालून उभा राहिलो, फक्त बॅटरी धरली. पंपघराची एक किल्ली माझ्याकडं होती, ती शेवटच्या दिवशी त्याला दिली तर म्हणला, दुसरी माझ्या पोरीकडं दे, मला रात्री दिसत नाही.